सांगणारं माणूस हवं
नाशिकच्या पांडवलेणीवर स्वयंसेवकांचं काम म्हणजे प्लास्टिक वेचणं आणि गर्दी आवरणं, असं तुमच्या लेखात म्हटलंय, ते मला अजिबात पटलं नाही. कचरा उचलायलाच हवा, मीही उचलते. पण रविवारी पायऱ्या चढून धापा टाकत आलेली माणसं दहा नंबरच्या लेण्यापुढे सेल्फी काढून परत फिरतात, कारण थांबवून काही सांगणारं तिथे कुणी नसतं.

या लेण्याच्या व्हरांड्यात भिंतीवर, क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा ब्राह्मी लिपीतला शिलालेख आहे. त्याने इथल्याच गोवर्धन गावच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ३००० कार्षापण (तेव्हाची नाणी) ठेवले. २००० महिना एक टक्क्याने, १००० पाऊण टक्क्याने. मुद्दल परत घ्यायचंच नाही, व्याजातून बौद्ध भिक्षूंची चीवरं, म्हणजे वस्त्रं, आणि इतर खर्च! मी हे सांगितल्यावर येवल्याहून आलेल्या, घरी पैठणीचा माग असलेल्या एक काकू मान वर करून अक्षरं न्याहाळायला लागल्या. "म्हणजे तेव्हा विणकरांकडेच एफडी ठेवायचे की हो," म्हणाल्या. खाली भिंतीवर नाव कोरायला निघालेल्या पोराला मग त्यांनीच दटावलं, मला तोंडसुद्धा उघडावं लागलं नाही. नव्या स्वयंसेवकांना हातमोजे द्याच, पण त्याआधी निदान हा एक शिलालेख नीट समजावून द्या.