'बहुधा' म्हणजे 'कदाचित' नव्हे
शक्यता सांगणाऱ्या शब्दांवरच्या तुमच्या लेखात 'बहुधा' आणि 'कदाचित' एकाच पंगतीला बसवलेत, ते पटलं नाही. आमची आई आभाळ बघून 'बहुधा पडेल आज' म्हणाली की वाळवण गच्चीवरून खाली यायचं. 'कदाचित'ला ती नुसती छत्री काढून ठेवायची. एवढा फरक आहे! आणि 'बहुदा' असं लिहू नका हो; द्विधा, शतधा यांतलाच तो 'धा', मूळ अर्थ 'अनेक प्रकारे'. खरी गंमत 'बहुतेक'ची. घरी फाटक वाजलं की आपण म्हणतो, 'बहुतेक पाहुणे आले.' लग्नाच्या मांडवात हेच वाक्य ऐकलं की वाढपी पानं मांडायला घेतात. 'शक्यतो'ला या शब्दांत का घुसवलंत, कळलं नाही. 'शक्यतो लवकर या' यात शक्यता कसली, ती तर विनवणी.