विषारी प्यादं

बुद्धिबळाच्या स्पर्धेआधी तीन आठवडे मी सिसिलियनमधली नायडॉर्फ ही ओपनिंग, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चाली, पाठ करत होतो. समजून घेत होतो असं म्हणत नाही, पाठच. एकोणतीसचा पाढा पाठ करावा तशी. मध्ये कुणी अडवलं की पुन्हा पहिल्यापासून.

त्यातही हौस दांडगी, म्हणून ‘विषारी प्यादं’ हा प्रकार निवडला. काळ्याचा वजीर एकटाच शत्रूच्या घरात शिरून बी-२ वरचं प्यादं खातो. १९७२ साली रेक्याविकला, जगज्जेतेपदाच्या लढतीत, स्पास्कीविरुद्धच्या अकराव्या डावात हे प्यादं खाऊन खुद्द फिशरचा वजीर अडकला आणि गेला. फिशर ज्यात हरला त्यात आपण हरलो तर अब्रू जात नाही, असा माझा हिशेब.

समोर पन्नाशीचे एक गृहस्थ. प्रत्येक चाल लिहून, पेनाला टोपण लावून मगच पुढचा विचार करणारे. मी मात्र धडाधड. सातवी चाल वजिराची. आठवी वजिराची, प्यादं गट्टम. नववी पुन्हा वजिराची, ए-३ वर. प्रत्येक चालीला ३० सेकंद वाढून मिळतात, त्यामुळे ९० मिनिटांवर सुरू झालेलं माझं घड्याळ ९३ दाखवत होतं! हात मागे बांधून शेजारच्या पटांवर एक फेरी मारून आलो. ग्रँडमास्टर मारतात तशी.

येऊन बघतो तर गृहस्थांनी ई-४ वरचं प्यादं एक घर पुढे सरकवलेलं. माझ्या पाठांतरात इथे एफचं, म्हणजे एफ या उभ्या पट्टीतलं, प्यादं सरकतं.

५० मिनिटं विचार केला. पहिली दहा डावाचा, उरलेली चाळीस ही ओपनिंग आपल्याला सुचलीच कशी याचा. शेवटी ठरलं, घोड्यावर चालून आलेलं ते प्यादं आधी मारायचं. निर्णय उत्तम होता. फक्त हात वजिरावर गेला. सलग तीन चाली तोच उचललेला, हाताला तेच वळण. आणि एकदा हात लावला की तोच मोहरा चालवावा लागतो. हेच तर मनात होतं, असा चेहरा करून मी वजीर ए-५ वर ठेवला. गृहस्थांनी घोडा मारला, चाल लिहिली, टोपण लावलं.

“दहाव्या चालीला एवढं काय बघत होतात?” डाव संपल्यावर त्यांनी विचारलं.

“गुंतागुंत फार होती.”

“अहो, डीच्या प्याद्यानं सरळ मारायचं. पुस्तकात आहे की!” त्यांनी पुस्तकाचं नाव सांगितलं, पानही सांगितलं.

पुस्तक माझ्या पिशवीतच होतं. त्या पानावर पेन्सिलीनं लिहिलेलं, माझ्याच अक्षरात : ‘हे नंतर.’