२०२०ची उधारीची वही

परवा एका लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले गृहस्थ म्हणाले, "काही म्हणा, कोरोनात गोव्यात उपाशी कोणी राहिला नाही हां." माझ्या हातात सोलकढीची वाटी होती. लग्नघरात वाद घालू नये म्हणून मी मान हलवली. तेव्हापासून ती मान टोचतेय, म्हणून हे लिहितोय.

गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या होंड्याच्या बाजूला आमचे किराणा दुकान आहे, इथल्या भाषेत पसरो. बाबांनी उभे केले, आता दोघे मिळून चालवतो. समोरच्या वाटेने एकेकाळी दिवसभर खनिजाचे ट्रक जायचे, मागच्या बाजूला औद्योगिक वसाहतीतल्या कामगारांच्या भाड्याच्या खोल्या. गिऱ्हाईक या दोघांचेच. त्यामुळे २०२० साली कुणाच्या घरी काय शिजत होते ते मला आकडेवारीतून शोधावे लागत नाही. उधारीच्या वहीत आहे.

एक गोष्ट आधी. आमच्या भागातली गरिबी विषाणूने आणली नाही. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८मध्ये गोव्यातल्या ८८ खाणींचे लीज-नूतनीकरण रद्द केले आणि मार्चच्या मध्यापासून खाणी थांबल्या. ट्रकवाल्यांचे कर्जाचे हप्ते काही थांबले नाहीत. त्यातल्या अनेकांनी मग किनाऱ्याची वाट धरली. कोणी टॅक्सी चालवू लागला, कोणी हॉटेलात लागला. म्हणजे एक पाय मोडल्यावर सगळा भार दुसऱ्यावर टाकला होता, आणि मार्च २०२०मध्ये तो दुसराही गेला. बोटीवर नोकरीला असलेले तारवटी, म्हणजे खलाशी, परत आले. ज्यांच्या डॉलरांवर घरावर मजला चढला होता, त्यांच्या घरूनही निरोप यायला लागला, "मागीर दितां हां," म्हणजे नंतर देतो.

जनता कर्फ्यू २२ मार्चला लागला आणि आमच्याकडे तो उठलाच नाही, त्यातूनच टाळेबंदी सुरू झाली. पहिले काही दिवस किराणा दुकानेही बंद. बेळगावची भाजी चोर्ला घाट उतरून आली नाही तर गोव्याच्या ताटात काय उरते, हे तेव्हा सगळ्यांना एकदमच कळले. आमची आजी पोर्तुगीज काळातल्या 'ब्लॉकेड'च्या, म्हणजे भारताने गोव्याची नाकेबंदी केली होती तेव्हाच्या, गोष्टी सांगायची, बटाटे म्हणे बोटीने हॉलंडहून यायचे. आम्ही हसायचो. त्या आठवड्यात कोणी हसले नाही.

पण रस्ते मोकळे झाले, दुकाने उघडली, माल आला. माझा मुद्दा इथून सुरू होतो. एप्रिलच्या शेवटी आमच्या फळीवर तूरडाळ होती, तेल होते, साखर होती. सरकारी गोदामांत त्या वर्षी गहू-तांदूळ मिळून ७ कोटी टनांच्या वर साठा होता. देशात धान्य होते, दुकानात माल होता, आणि गिऱ्हाईक दारात उभे राहून फक्त बघत होते. अमर्त्य सेन यांनी १९४३च्या बंगालच्या दुष्काळाबद्दल हेच सांगितले आहे. भूक लागते ती धान्य नाही म्हणून कमी, आणि ते विकत घ्यायचा जोर माणसाच्या अंगातून गेला म्हणून जास्त.

वहीत तो जोर पानापानाने ओसरताना दिसतो. मार्चमध्ये महिन्याचे सामान भरणारी बाई मेमध्ये आठवड्याचे नेते, जुलैत रोजचे. आधी बिस्किटे गेली, मग पाकिटातला चहा जाऊन सुटी भुकटी आली. अंडी डझनावरून दोनवर, ती पोरांपुरती. तूरडाळीच्या जागी मसूर, किलोच्या जागी पाव किलो. मग एक दिवस डाळच नाही, नुसते तिखट-मीठ. तांदूळ मात्र शेवटपर्यंत कोणी सोडले नाहीत. सोसायटीत, म्हणजे रेशनच्या दुकानात, एप्रिलपासून रेशनकार्डावर माणशी ५ किलो धान्य फुकट मिळू लागले. त्याने घरे तगली, हे मी कुणाशीही भांडून सांगेन. पण पेज आणि मिठाची मिरची खाऊन झोपलेले पोर उपाशी नव्हते, असे म्हणायचे असेल तर म्हणा बापडे. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांचा हिशोब असा की २०२०मध्ये जगातल्या ३१० कोटी माणसांना धड पौष्टिक जेवण परवडत नव्हते, आदल्या वर्षीपेक्षा ११ कोटी जास्त. आमच्या वहीतली ती अंडी त्या ११ कोटींत कुठेतरी आहेत.

शाळाही बंद. दुपारचा आहार शिजवणाऱ्या स्वयंसहाय्य गटातल्या दोघी आमच्या गिऱ्हाईक. पोरांचे जेवण गेले आणि त्या दोघींची मिळकतही गेली. प्राथमिकचे वर्ग सुरळीत व्हायला २०२२ उजाडले.

आता तेल. २०२०च्या मेमध्ये पामतेल लिटरला नव्वदीच्या आत होते, पुढच्या मेमध्ये १३०च्या वर. बायका माझ्यावर चिडायच्या, जणू मीच घाणा फिरवतो. कारणे बरीच होती, पण त्यातले एक ऐकण्यासारखे आहे. मलेशियाने साथीत परदेशी मजुरांची भरती थांबवली, तिथल्या पामच्या बागांत फळ उतरवायला माणसे राहिली नाहीत, आणि आपण तर खाण्याच्या तेलातले निम्म्याहून जास्त बाहेरून आणतो. तिकडे परप्रांतीय मजूर अडकला, इकडे परप्रांतीय मजुराच्या कढईतले तेल गेले.

श्रीलंकेकडे बघून मला तेव्हा धडकी भरायची. समुद्र, पर्यटक, बाहेरून येणारे खाणे, सगळे आपल्यासारखेच. तिथे पर्यटन बसले, डॉलर आटले, त्यात २०२१मध्ये रासायनिक खतांवर बंदीचा निर्णय, आणि एप्रिल २०२२मध्ये देशाने परकीय कर्ज फेडणे थांबवले. दुधाच्या भुकटीसाठी रांगा लागल्या. गोव्याला पंजाबचा तांदूळ डॉलर न मोजता मिळतो, फरक इतकाच. आपण हुशार होतो म्हणून वाचलो, असा समज नको.

पुरुमेंताबद्दल, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीबद्दल, बोलल्याशिवाय पुढे जाववत नाही. मेमध्ये सुकी मासळी, सोला (आमसुले), मिरच्या, कुळीथ, उकडे तांदूळ भरून ठेवायचे, म्हणजे आषाढात बाहेर पडावे लागत नाही. त्या वर्षी आठवड्याचे बाजार बंद, विकणाऱ्या बायका घरी. तरी ज्यांचे माटव, कोठी, कुळागर (माड-सुपारीची बाग) होते त्यांनी इकडून तिकडून जमवलेच. दहा बाय दहाच्या गळक्या खोलीत चौघे राहणाऱ्याने पुरुमेंत ठेवायचे कुठे? साठवायला आधी मेमध्ये पैसा हवा, मग कोरडी जागा हवी. अन्नसुरक्षेवरच्या चर्चेत 'आपली जुनी शहाणी परंपरा' म्हणून पुरुमेंताचे कौतुक करणाऱ्यांना मी हे दर वेळी सांगतो, आणि दर वेळी ते विषय बदलतात.

बाबांनी कुणाला परत पाठवले नाही, असे लिहायला आवडले असते. पाठवले. घाऊक व्यापाऱ्याने जूनपासून रोख मागायला सुरुवात केली, आणि आमचीही पत संपली. मग ओळखीच्यांना उधार, खोल्यांतल्यांना रोखीने, असे आपोआप झाले. ठरवून कोणी केले नाही. कर्नाटकातल्या कोप्पळचा एक गवंडी दोनदा येऊन गेला, तिसऱ्यांदा आला नाही. पुढे कळले की तो बायकोपोरांना घेऊन गावी गेला.

कर्नाटकचे रेशनकार्ड गोव्यात चालेल, अशी सोय १ जानेवारी २०२०पासूनच होती. कागदावर त्याला होंड्यात तांदूळ मिळायला हवे होते. पण कार्ड गावी आईजवळ, आणि थोडे धान्य इथे याने, उरलेले गावी आईने उचलता येते, हे त्याला सांगणार कोण?  शिवाय कुणाला धान्य द्यायचे याचा हिशोब २०११च्या जनगणनेवर. २०२१ची साथीमुळे झालीच नाही.

पंगतीहून परतल्यावर दुसऱ्या दिवशी मी मागच्या खोल्यांतल्या गिऱ्हाइकांना सहज विचारले, इथे सोसायटीत धान्य कोण कोण उचलते. अकरा बिऱ्हाडे आहेत. दोघांनी हो म्हटले. एकीने विचारले, "क्यों सेठ, फिर से बंद होनेवाला है क्या?" आणि उत्तराची वाट न बघता दोन किलो तांदूळ जास्तीचे मागितले.