अलिबागला येताय ना? मग समुद्राकडे पाठ करा

निघायचं ते शनिवारी सकाळी नऊला. मंगळवारी पहाटे निघणारी माणसं वेळेवर पोचतात आणि मग दिवसभर करायचं काय, हा प्रश्न त्यांच्यापुढे आ वासून उभा राहतो. शनिवारी नऊला निघालात की तो प्रश्न वडखळच्या वाहतूककोंडीतच सुटतो. पनवेलपासून खाली महामार्गाचं रुंदीकरण 2011 सालापासून चालू आहे. इतकं जुनं काम फुकटात बघायला मिळतंय, तर उगाच घाई कशाला?

लाँचने येणार असाल तर गेटवेवर तिकिटाबरोबर गाठ्यांची पुडी घ्या. हिवाळ्यात लाँचच्या मागे घिरट्या घालतात ते कुरव पक्षी. लडाख-तिबेटकडच्या तळ्यांवरून एवढा पल्ला मारून बिचारे इथे येतात, ते मासे खायला. ही सवय मोडणं आता आपल्याच हातात आहे. गाठिया हवेत फेका, पक्षी झेलेल, व्हिडिओ निघेल. आणि 2020 पासून भाऊच्या धक्क्याहून रो-रो सुरू झाल्यामुळे आता माणसाबरोबर त्याची गाडीही मांडव्याला उतरते. गाडी आणाच. तिचं काम पुढे आहे.

मुंबईला कंटाळून अलिबागला येण्याची चाल तशी जुनी. मुंबईतल्या कुलाब्याला पृथ्वीचं चुंबकत्व मोजणारी वेधशाळा होती. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर मोजमाप बिघडेल म्हणून 1904 साली नवी वेधशाळा अलिबागला उभारली, लोखंड टाळून. मुंबईच्या कटकटीपासून लांब म्हणून ती इथे आली, आणि आता दर शनिवारी उरलेली मुंबई ब्लूटूथ स्पीकर घेऊन तिच्या मागोमाग येते. वेधशाळा बघायला जाऊ नका. गावातली कान्होजी आंग्र्यांची समाधीही टाळा. इंग्रजांच्या गलबतांकडे याच पाण्यात परवाने मागणारा हा माणूस 1729 साली गेला. त्याच्या गावात आपण पार्किंगची पावती फाडली, एवढा इतिहास पुरे.

अलिबागच्या समुद्रातला कुलाबा किल्ला मात्र करायचाच, कारण तो समोरच दिसतो. 1680 साली शिवाजी महाराजांनी तो बांधायला घेतला. ओहोटीला चालत किंवा घोडागाडीने जाता येतं, भरतीला होडीने. आता ओहोटी कधी, हे कळायला माझी आई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे नुसतं बघते. तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता पूर्ण भरती. दशमीला साडेसात, त्रयोदशीला पावणेदहा. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. पुनवेला-अवसेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी धड चढत नाही की धड उतरत नाही. पाऊणकीचा पाढा येणाऱ्या कुणालाही जमेल असं हे गणित आहे, म्हणूनच तुम्ही त्याच्या नादी लागू नका. फोनवर हवामान बघा. ऊन, 31 अंश. झालं तर मग.

घोडागाडीवाला म्हणेल, "दादा, पाणी चढतंय, आता नको." आलेलं गिऱ्हाईक सोडणारा धंदेवाला तुम्ही कधी पाहिलाय का? म्हणजे यात काहीतरी काळंबेरं असणार. चालत जा.

किल्ल्यात पोचल्यावर तटावर चाकांच्या गाड्यांवर दोन तोफा आहेत, त्यांच्यावर बसायचं. तटाचे मोठाले दगड चुना न भरता नुसते एकमेकांवर रचलेत. लाट फटींतून आत शिरून तिचा जोर मोडावा म्हणून, असं जाणकार सांगतात. एवढ्या फटी वाया का घालवायच्या? वेफर्सची रिकामी पाकिटं त्यांत अगदी बरोबर बसतात. चहूकडे खारं पाणी असताना आत गोड्या पाण्याचं तळं आहे, त्याच्या काठावर उभं राहून बाटलीबंद पाणी कुठे मिळेल ते विचारा. परतताना पाणी कमरेला लागलं की घरी फोन करा. तिथे रेंज चांगली येते.

पाट्यांचं एक सांगायचं राहिलं. "खोल पाण्यात जाऊ नये" अशा पाट्या तुम्हाला किनाऱ्यावर दिसतील. त्यांचा उपयोग ओले कपडे वाळत घालायला होतो. आमच्या आक्षीला 1012 सालचा मानला जाणारा शिलालेख आहे. मराठीतल्या सगळ्यात जुन्या लेखांत त्याची गणना होते. त्या काळापासून कोकणात लोकांनी ऐकावं म्हणून दगडावर गधेगाळ कोरायचे, म्हणजे ऐकणार नाही त्याला गाढवाचं चित्र काढून चारचौघांत आईवरून शिवी. नगरपालिकेने सभ्यपणा धरला आणि तिथेच सगळं फसलं.

नागावला सगळे खेळ आहेत. बनाना बोटीवर फार विचार न करता बसा. मध्यावर नेऊन तो पोरगा विचारतो, "पाडू का?" नको म्हणालात तरी पाडतो, हो म्हणालात तरी पाडतो, एवढा प्रामाणिक व्यवहार तुम्हाला हापिसात मिळायचा नाही. मग चार चाकांची ती वाळूतली मोटरसायकल घ्या. ओहोटीच्या ओल्या वाळूवर नखाएवढे खेकडे बिळाभोवती वाळूच्या गोळ्या मांडत बसलेले असतात. वाळूतलं खाणं चाटून घ्यायचं, उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकायची; असं करत बिळाभोवती सूर्याच्या किरणांसारखी नक्षी उमटते. लहानपणी मी तासन् तास उकिडवा बसून ते बघायचो. एक गोळी टाकायला खेकड्याला काही सेकंद लागतात. नक्षी पुरी होईस्तोवर पाय मुंगून जायचे. गाडीला ती ओलांडायला तेवढाही वेळ लागत नाही. शिवाय या खेळाचं तिकीट नाही, म्हणजे तो बघण्यालायक नसणारच.

जेवायला बसलात की ताजी सुरमई मागायची, तीही जुलैत. 1 जूनपासून जुलैअखेर यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते, होड्या वर ओढून ठेवलेल्या असतात, ही सबब ऐकून घेऊ नका. "समुद्राला लागून हॉटेल आणि मासा नाही?" असं जरा मोठ्यांदा म्हणा. डिसेंबरात पांढऱ्या कांद्याची माळ मागा. अलिबागजवळच्या कार्ले-खंडाळ्याचा हा गोड कांदा शेतातून निघतो फेब्रुवारीच्या सुमारास, पण रस्त्यावर कुणीतरी तुम्हाला कसलातरी पांढरा कांदा देईलच. दोघंही खूष.

आता गाडी.

वाळूवर गाडी नेल्याशिवाय अलिबाग झालं असं म्हणता येत नाही. कोरडी वाळू भुसभुशीत, ओली घट्ट दिसते. तेव्हा गाडी थेट पाण्याच्या कडेला न्यायची, डिकी समुद्राकडे करायची आणि कुटुंबासह फोटो काढायचा. फोटो काढताना समुद्र पाठीमागे असतो. यातच सगळी गंमत आहे. तो जवळ येतोय हे फोटोत दिसतं, माणसाला दिसत नाही. चाक फिरेनासं झालं की जोरात अॅक्सिलरेटर दाबा. आणखी रुतलं की आणखी जोरात. लाजायचं कारण नाही. 2024 च्या डिसेंबरात रेवदंड्याच्या किनाऱ्यावर फेरारी रुतली होती आणि ती बैलगाडीने ओढून काढली. तुमची काय ती सात सीटची.

माझ्यासमोर वरसोलीला झालेला संवाद लिहून ठेवण्यासारखा आहे. गाडीचा मालक घोट्याभर पाण्यात, बैलगाडीवाला कोरड्यात विडी ओढत.

"किती घेणार?"

"दोन हजार."

"लुटता काय राव!"

मालकाने तीन ठिकाणी फोन लावले, इन्शुरन्सवाल्याशी बोलला, यूट्यूबवर चाकाखाली मॅट घालायचा व्हिडिओ बघितला, मॅट घातलं, मॅट वाहून गेलं. पंचवीस मिनिटांनी परत आला.

"बरं, घ्या दोन."

"पाच."

"मघाशी दोन म्हणालात की!"

"मघाशी पाणी तिथं होतं." त्याने विडीनेच दाखवलं.

एकूण काय, घासाघीस मन लावून करावी.

तुमच्याकडे खुळ्या माणसाला "अलिबागसे आया है क्या?" विचारतात, हे आम्हाला ठाऊक आहे. ते बंद करा म्हणून अलिबागचाच एक माणूस 2019 साली उच्च न्यायालयात गेला होता. विनोद सगळ्याच समाजांवर होतात, मनाला लावून घेऊ नका, असं सांगून न्यायालयाने याचिका फेटाळली. आम्हीही मग मनाला लावून घेणं सोडलं. नुसतं नंबर प्लेटी बघत बसतो. रुतलेली गाडी एमएच 06, म्हणजे आमच्या रायगडची, कधी निघाली तर सांगेन.

त्या दिवशी गाडी निघाली. बैल नुसते दोन पावलं पुढे झाले, आणि एवढा वेळ गुरगुरणारं ते धूड गुमान मागोमाग आलं. मालकाने ओल्या पाकिटातून ओल्या नोटा मोजून दिल्या. बैलगाडीवाला दोर गुंडाळत होता. गुंडाळता गुंडाळता त्याने सहज विचारलं,

"कुठनं आलात?"

"अंधेरी."

"हां," तो म्हणाला, आणि बैल वळवले.