फुकट शिक्षणाचं व्याज

परवा शिष्यवृत्ती जमा झाल्याचा मेसेज आला. जाऊबाई म्हणाल्या, पेढे आण. म्हटलं, आधी बचत गटाचं फिटू दे, उरलं तर पेढे.

तेरा वर्षांनी मी परत कॉलेजात गेले, बी.एड.ला. २०११ ला बी.ए. झाले, मग लग्न, दोन मुलं, सासऱ्यांचं आजारपण. २०२४ च्या मार्चमध्ये सीईटी दिली तीही घरात न सांगता. सांगायचं धाडस आलं ते ८ जुलैच्या शासन निर्णयानंतर. घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर व्यावसायिक अभ्यासक्रमाला मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी सरकार भरणार. आधी निम्मी भरायचं, आता सगळी. ह्यांना पेपरातली बातमी दाखवली. हे मार्केट यार्डात हळदीच्या गाडीवर असतात, जास्त बोलत नाहीत. "फुकट असेल तर कर की," एवढंच म्हणाले.

कॉलेजच्या खिडकीतल्या क्लार्कनी विचारलं, "मुलीचा फॉर्म भरायचाय का?" म्हटलं, नाही, माझाच. योजनेत 'मुली' लिहिलंय, त्यात छत्तिशीची बाई बसते का, हे ते आत जाऊन विचारून आले. बसते म्हणे.

मग गॅपचं प्रतिज्ञापत्र. टायपिस्टनं तेरा वर्षं एका ओळीत उरकली, "घरगुती कारणास्तव शिक्षण खंडित". वडिलांचा उत्पन्नाचा दाखला आधी काढला होता, तो बाद. लग्न झालंय ना, मग नवऱ्याचा आणा. परत दाखल्यांचं सेतू केंद्र, परत रांग. कागद तपासणाऱ्या मॅडमनी माझ्या दुसऱ्या वर्षाच्या मार्कलिस्टवरून बोट फिरवलं. खालच्या कडेला तपकिरी पट्टा आहे. "हा डाग कसला?" म्हटलं, कृष्णेचा. २०१९ च्या ऑगस्टात गावभागात आमच्या कपाटाच्या दुसऱ्या फळीपर्यंत पाणी होतं. मॅडम सांगलीच्याच. पुढं काही विचारलं नाही, शिक्का मारला.

इथपर्यंतची माझी तक्रार नाही. सरकारी पैसा आहे, कागद मागणारच. तक्रार पुढची आहे.

प्रवेशाच्या दिवशी सांगितलं, फी आधी भरा, सरकारकडून आली की परत मिळेल. पात्र मुलींकडून ही फी घेऊ नका असं सरकारनं कॉलेजांना बजावलेलं होतं, मी तेही बोलून बघितलं. उत्तर मिळालं, "ताई, आम्हालाही पगार करायचे असतात." खोटं नव्हतं ते. सरकारचे हप्ते कधी येतील याचा भरवसा कॉलेजलाही नाही. पण म्हणून मधली सगळी कळ मी सोसायची?

गटातून ३० हजार उचलले. शेकडा दोननं, म्हणजे महिन्याला ६०० व्याज. मुद्दल एकरकमी फेडायच्या बोलीवर. ही फी शिष्यवृत्ती म्हणून खात्यावर आली ती अकराव्या महिन्यात. ६,६०० रुपये गेले व्याजाला. फुकट शिक्षणाचे.

अठरा वर्षांच्या पोरीची फी बाप कुठून तरी उभी करतो, शिव्या देत का होईना. संसार करून परत आलेल्या बाईला तो मार्ग नसतो. माहेरी मागायची लाज वाटते, आणि सासरी मागितलं की "आता कशाला हे" ऐकावं लागतं. माझ्यासारखीला रक्कम किती यापेक्षा ती कधी हातात पडते, यावर शिक्षण होणार की राहणार हे ठरतं.

आणि वेळेत पैसे देणं सरकारला जमत नाही असं कोणी सांगू नका. २०२४ च्याच ऑगस्टात लाडकी बहीण योजनेचे ३,००० राखीपौर्णिमेआधी खात्यावर आले होते, त्याच आधारवर, त्याच बँकेत. पुढं दरमहा १,५०० येत गेले आणि त्यातलेच ६०० मी गटात व्याजाचे भरत होते. एका सरकारी खात्याच्या उशिराचं व्याज दुसऱ्या सरकारी खात्याच्या पैशातून! माझं म्हणणं एवढंच, प्रवेश पक्का झाला की निम्मी रक्कम टाका, बाकीची छाननी करत बसा. कागद प्रवेशाच्या वेळीच तपासलेले असतात, नव्यानं काय सापडणार आहे?

कर्मवीर भाऊराव मूळ आपल्या वाळवा तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकचे. १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग काढलं. पोरांच्या जेवणाची अडचण झाली तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं दिलं, मंगळसूत्रसुद्धा. दाखले आणा मग वाढते, असं त्या म्हणाल्या नाहीत. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, ही गोष्ट आमच्या पोरांना सांगतात. मला मात्र प्रत्येक वेळी वाटतं, शंभर वर्षं होऊन गेली, अजून बायकांनीच सोनं काढून द्यायचं का?

मंगळवारी गटाच्या बैठकीत ३० हजार मोजून दिले. अध्यक्षबाईंनी वहीत माझ्या नावावर रेघ मारली आणि ते पैसे तिथंच शेजारणीच्या पुढ्यात सरकवले. तिच्या पोरीचा यंदा प्रवेश झालाय.

"फी माफच आहे तिची," ती म्हणाली, "पण आधी भरायला सांगितलंय."