अंडाशय काढायचं का, ते त्या पोराला ठरवू द्या

'टेस्टोस्टेरॉन सुरू केलंय ना, मग आतलं सगळं काढूनच टाका, नाहीतर कॅन्सर होईल.' टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक घेणाऱ्या ट्रान्स पुरुषांना, म्हणजे जन्मतः मुलगी ठरवलेल्या पण पुरुष असलेल्यांना, असं सांगणारे डॉक्टर आपल्या मराठवाड्यात अजून भेटतात. माझ्या भाच्याला हेच ऐकवलं. ना तपासणी, ना सोनोग्राफी, थेट ऑपरेशनची तारीख.

बीड जिल्ह्याला ही भाषा नवी नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या बायांना कॅन्सरची भीती घालूनच गर्भाच्या पिशव्या काढल्या गेल्या. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. एवढं होऊनही आपण शिकणार नसू तर कधी शिकणार?

'टी'मुळे, म्हणजे टेस्टोस्टेरॉनमुळे, अंडाशय जळून जातं, असं पोरंही समजतात. तसं होत नाही. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळालं की मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीतून अंडाशयाकडे जाणारी, त्याला चालना देणारी एफएसएच, एलएच ही संप्रेरकं दबतात आणि बहुतेकांची पाळी सहाएक महिन्यांत थांबते. पण जन्मापासून साठलेल्या, सुप्त फॉलिकल्सना, म्हणजे बीजं सांभाळणाऱ्या बारीक कोशांना, टिकून राहायला त्या संप्रेरकांची गरज नसते. टी घेणाऱ्यांच्या काढलेल्या अंडाशयांतही त्या सापडल्या आहेत. बदल होतात, हे खरं. काहींच्या अंडाशयाचा बाहेरचा थर जाड झालेला दिसतो. जुन्या अभ्यासांनी त्याला पीसीओएस या अंडाशयाच्या विकारासारखं म्हटलं, नंतरच्या अभ्यासांत ते सगळ्यांमध्ये दिसलं नाही. आणि टीमुळे अंडाशयाचा कॅन्सर वाढतो, असा ठोस पुरावा आजवर नाही.

पोरांनो, पाळी थांबली तरी अधूनमधून बीज सुटू शकतं. गर्भ राहू शकतो, आणि टी गर्भाला घातक आहे. टीच्या भरवशावर राहू नका, निरोध वापरा.

दोन्ही अंडाशयं काढली की मग टी चुकवून चालत नाही. अंडाशयातलं इस्ट्रोजेन आणि बाहेरचं टी, दोन्ही संप्रेरकं नसली तर हाडं ठिसूळ होतात. इंजेक्शनसाठी संभाजीनगर नाहीतर पुणं गाठायचं, कधी पैसे नाहीत, कधी घरातून निघता येत नाही, अशा पोराला हे आधी सांगायला नको?

ज्याला ते अवयव शरीरात असह्य होतात, त्याने जरूर काढावेत. त्याला विनवण्या करायला लावू नयेत. माझं भांडण भीती घालण्याशी आहे.

पुढे मूल हवं असेल का, हेही टी सुरू करण्याआधीच विचारायला हवं. डब्ल्यूपॅथ या ट्रान्स आरोग्यावरच्या जागतिक तज्ज्ञसंस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांच्या २०२२ च्या आठव्या आवृत्तीतही तसंच सांगितलंय. आपल्याकडे बीज गोठवण्याचा खर्च परवडत नाही, आणि टेस्ट ट्यूब बेबीसारख्या उपचारांसाठीच्या २०२१ च्या एआरटी कायद्यात विवाहित जोडपं आणि स्त्री एवढेच आहेत. पुरुष म्हणून ओळखपत्र असलेल्या माझ्या भाच्याने कोणत्या रकान्यात सही करायची?

संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात, अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजात, लातूरला, प्रत्येक ओपीडीत हे सगळं साध्या मराठीत लिहिलेलं एक पत्रक सहीआधी हातात मिळायला हवं. मजकूर मी लिहायला घेतलाय. स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा एंडोक्रायनॉलॉजिस्ट (संप्रेरकांचे डॉक्टर) कुणी तपासून देणार असाल, तर मेसेज करा.