शब्बाथच्या दिवशी ज्यू माणूस मरू देतात?

शनिवारी घरात कुणी मरणाच्या दारात असला तरी कर्मठ ज्यू माणूस फोन उचलत नाही, गाडी काढत नाही, दिवासुद्धा लावत नाही, कारण त्याच्या धर्मात जिवापेक्षा शब्बाथ, म्हणजे शनिवारचा पवित्र विसाव्याचा दिवस, मोठा: अशा अर्थाचा मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. मराठीतही तो येतो. सोबत बायबलची वचनं, येशूच्या गोष्टी आणि मक्काबी या प्राचीन ज्यू बंडखोरांचा इतिहास जोडलेला असतो, त्यामुळे वाचणाऱ्याला तो अभ्यास करून लिहिल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात ज्यू कायदा याच्या नेमका उलट आहे, आणि हे उलटं चित्र एका अख्ख्या समाजाला निर्दय ठरवतं. म्हणून त्यातला एकेक मुद्दा तपासायला हवा.

शब्बाथ कडक असतो, हे खरंच आहे. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंत मिश्ना या ज्यूंच्या प्राचीन नियमसंग्रहाने सांगितलेली ३९ प्रकारची कामं बंद. पेरणं, कापणी, दळणं, लिहिणं, विस्तव पेटवणं आणि विझवणं, ओझं बाहेर नेणं, सगळं त्यात आलं. हा भाग मजकुरात बरोबर असतो. पुढचा बहुतेक सगळा चूक.

‘तोराहमध्ये शब्बाथ मोडणाऱ्याला मृत्युदंड आहे.’

आहे. तोराह म्हणजे बायबलचे पहिले पाच ग्रंथ, आणि त्यातलं हे वचन निर्गम ३१:१४. पण त्याच वचनात शब्बाथ ‘तुमच्यासाठी पवित्र’ आहे असंही म्हटलंय, आणि तालमूदच्या (मिश्नावरच्या चर्चांचा ग्रंथ) योमा या भागात रब्बी, म्हणजे धर्मपंडित, योनातान बेन योसेफ त्या शब्दांवर बोट ठेवून म्हणतात की शब्बाथ तुमच्या हाती सोपवलाय, तुम्हाला त्याच्या हाती सोपवलेलं नाही. दोनच वचनं पुढे गेलं की रब्बी शिमोन बेन मेनास्या यांचा आधार सापडतो: या माणसासाठी एक शब्बाथ मोडा, म्हणजे तो पुढे अनेक शब्बाथ पाळेल. शिक्षेची ओळ उचलायची आणि तिला चिकटून असलेला अर्थ सोडून द्यायचा, ही या मजकुराची पहिली लबाडी.

त्याच पानावर रब्बी एकामागून एक दाखले देत जातात. शेवटी श्मुएल तोराहमधल्या लेवीय १८:५ कडे वळतात. आज्ञा पाळून माणसाने ‘जगावं’ असं तिथे लिहिलंय. जगावं, त्यांच्यापायी मरू नये, असं श्मुएल म्हणतात. बाकीच्या दाखल्यांनी फार तर खात्रीच्या धोक्यात शब्बाथ मोडता येतो असं ठरतं. श्मुएलच्या दाखल्याने नुसत्या शंकेवरही मोडता येतो. यावर तालमूदमधला शेरा असा, की टोपलीभर भोपळ्यांपेक्षा एक तिखट मिरी बरी. हजार दीड हजार वर्षांपूर्वीची ही वादाची धार मला फार आवडते. माणूस वाचवायचा हे सगळ्यांना आधीच मान्य आहे. भांडण चाललंय ते सगळ्यात भक्कम पाया कुठला यावर.

या तत्त्वाला ‘पिकुआह नेफेश’ म्हणतात. ते किती दूर जातं, हे मिश्ना आणि तालमूदमधल्या उदाहरणांतून दिसतं. घर कोसळलं. खाली कुणी आहे की नाही, असला तर जिवंत आहे की मेला, ज्यू आहे की बिगरज्यू, काहीच माहीत नाही. तरी ढिगारा उपसायचा. माणूस इतका चिरडलेला सापडला की तासाभरात जाणार हे उघड दिसतंय, तरीही त्याला बाहेर काढायचं, कारण तो एक तासही आयुष्यच आहे. आजाऱ्याला अंजीर हवं म्हणून दहाजण धावत सुटले आणि प्रत्येकाने शनिवारी एकेक अंजीर तोडून आणलं; पहिल्याच अंजिराने आजारी बरा झाला, तरी उरलेल्या नऊजणांवर दोष नाही. बाळंतिणीसाठी दिवा लावायचा, आणि ती आंधळी असली तरी लावायचा. तिला स्वतःला दिसणार नाही, पण मैत्रिणीला दिसतंय, काही लागलं तर ती बघेल, एवढ्या विचाराने तिचा जीव शांत राहतो. भीतीनेही बाळंतीण दगावू शकते, हे त्या रब्बींनी ओळखलं होतं.

‘आधी रब्बींना विचारावं लागतं, किंवा मग कुणा बिगरज्यू शेजाऱ्याला हाक मारतात.’

जेरुसलेम तालमूद (तालमूदचा दुसरा, वेगळा संग्रह) म्हणतो की त्वरेने धावणारा स्तुतीला पात्र, आणि विचारत बसणारा रक्त सांडणारा. सोळाव्या शतकातल्या शुल्हान आरुख या कायदेग्रंथानेही हेच वाक्य घेतलं. जेरुसलेम तालमूद तर ज्याच्याकडे विचारायला लोक येतात त्या रब्बीलाही दोष देतो, कारण त्याने लोकांना हे आधीच शिकवायला हवं होतं.

आणि हे काम बिगरज्यूंकडून किंवा लहान मुलांकडून करवून घेऊ नये, मोठ्या, जाणत्या ज्यूंनी स्वतः करावं, असा नियम आहे. नाहीतर बघणाऱ्यांना वाटेल की ही कशीबशी दिलेली सवलत आहे, आणि पुढच्या वेळी शेजारी नसला तर ते कचरतील. वेळ जाणार नसेल तर काम थोड्या वेगळ्या पद्धतीने करावं, असं पोलंडच्या रब्बी मोशे इस्सेर्लेस यांनी लिहिलं, पण क्षणाचाही उशीर होणार असेल तर तेही नाही. ज्यू कायदेपंडित मायमोनिडीस बाराव्या शतकात सांगून गेले की तोराहचे नियम जगावर सूड उगवण्यासाठी नाहीत, ते दया, प्रेम आणि शांतीसाठी आहेत.

‘येशूने शब्बाथला बरं केलं म्हणून परुशी चिडले.’

परुशी म्हणजे त्या काळचा, धर्मनियम काटेकोर पाळणारा ज्यू पंथ. शुभवर्तमानातला तो माणूस वाळलेल्या हाताचा आहे. त्याच्या जिवाला धोका नव्हता, दुसऱ्या दिवशीही तो बरा होऊ शकला असता. वाद होता तो अशा, थांबू शकणाऱ्या उपचारांबद्दल. जीव वाचवावा की नाही, हा तिथे मुद्दाच नव्हता. शब्बाथ माणसासाठी आहे हे येशूचं म्हणणं आणि वरचं योनातान बेन योसेफ यांचं वाक्य शेजारी ठेवून पाहा.

‘मक्काबींच्या काळात हजार ज्यू मेले, पण शब्बाथला लढले नाहीत.’

इसवी सनपूर्व १६७ च्या सुमाराची ही घटना १ मक्काबी, अध्याय २ मध्ये आहे. गुहांत लपलेले लोक शब्बाथला प्रतिकार न करता मारले गेले. मजकूर इथे थांबतो. अध्याय थांबत नाही: ही बातमी ऐकून उठावाचा म्होरक्या मत्तथ्या आणि त्याचे साथीदार लगेच ठरवतात की यापुढे शब्बाथला हल्ला झाला तर लढायचं. ६ ऑक्टोबर १९७३ ला शनिवार होता, शिवाय योम किप्पुर हा ज्यूंचा सगळ्यात पवित्र उपासाचा दिवस; इस्रायलवर हल्ला झाला आणि माणसं सिनेगॉगमधून (प्रार्थनागृहातून) उठून आघाडीवर गेली.

‘हे सगळं फक्त ज्यूंसाठी, बिगरज्यू मेला तरी चालतो.’

हा सगळ्यात जहरी मुद्दा. त्याला पूर्ण उत्तर द्यायचं तर जुन्या ग्रंथांत भेद आहे हे आधी मान्य करायला हवं. ढिगाऱ्याच्या उदाहरणातही खाली कदाचित ज्यू असेल, या शंकेवर निर्णय होतो. पण कायदा तिथे गोठला नाही. तेराव्या शतकात रब्बी नाह्मानिडीस यांनी लिहिलं की मूर्तिपूजा सोडून ज्यूंमध्ये राहणाऱ्या परक्याचा जीव शब्बाथ मोडूनही वाचवावा. दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हान्सचे रब्बी मेइरी त्याच्याही पुढे गेले: धर्म आणि कायदा मानणाऱ्या समाजांना जुने भेद लागूच होत नाहीत. नंतरच्या रब्बींनी वैर टाळण्याचं, शांततेचं कारण दिलं. मला मेइरींचं कारण जास्त पटतं, पण कारण कुठलंही घ्या, आज ज्यू डॉक्टर शनिवारी रुग्णाचा धर्म विचारत नाही.

१९६५ मध्ये इस्रायल शहाक या इस्रायली रसायनशास्त्रज्ञाने ‘हाआरेत्झ’ या तिथल्या वृत्तपत्राला पत्र लिहिलं, की एका बिगरज्यूसाठी रुग्णवाहिका बोलवायला एका कर्मठ ज्यूने आपला फोन वापरू दिला नाही. आजचे मजकूर बरेचदा तिथूनच निघतात. त्या माणसाला शहाक पुढे आणू शकले नाहीत, असं रब्बी इमॅन्युएल जेकोबोविट्स यांनी १९६६ मध्ये लिहिलं. इस्रायलचे तेव्हाचे मुख्य रब्बी उंटरमान यांनीही बिगरज्यूचा जीव वाचवण्यासाठी शब्बाथ मोडावा, असा स्पष्ट निर्णय दिला. हे उत्तर मात्र कुणी पुढे पाठवत नाही.

‘मग शब्बाथ नावापुरताच, हवं तेव्हा मोडता येतो.’

पहिला आरोप खोटा ठरला की हा उलटा येतो. तोही टिकत नाही. पैशाच्या नुकसानीला सूट नाही. आपल्याकडे याचा दाखला कोकणात आहे: रायगडच्या गावांतले बेने इस्रायल, म्हणजे तिथले मराठी ज्यू, तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. किरकोळ दुखण्यालाही जिवाच्या धोक्याची सूट मिळत नाही. आणि खून, व्यभिचार, मूर्तिपूजा ही तीन पापं जीव वाचवण्यासाठीही करायची नाहीत.

सुटका करून परतणाऱ्यांचाही प्रश्न मिश्नाने सोडवलाय. पूर्वी शब्बाथला चालण्यासाठी ठरवून दिलेल्या हद्दीबाहेर गेलेल्याला दिवसभर एकाच जागी थांबावं लागे. थोरल्या रब्बान गमलिएल यांनी ते बदललं: सुईण, किंवा आगीतून, पुरातून, ढिगाऱ्यातून माणसं वाचवायला आलेला, यांना तिथे चहूकडे दोन हजार हात फिरण्याची मोकळीक दिली. विसाव्या शतकात न्यूयॉर्कच्या ज्यू रुग्णसेवकांसाठी रब्बी मोशे फाइनश्टाइन यांनी शनिवारी गाडीने घरी परतायलाही परवानगी दिली, नाहीतर पुढच्या वेळी निघताना पाय अडखळेल म्हणून. जेरुसलेमच्या रब्बी श्लोमो झाल्मान आउअरबाख यांना हे पटलं नाही. हा मतभेद परतीच्या गाडीपुरता आहे. रुग्णाकडे जाताना गाडी काढावी, याबद्दल दोघांचं मत एकच.